लाइट गेली, गेट अर्ध्यावर अडकलं: २४ बंगल्यांच्या सोसायटीतल्या सोलर बॅकअपचं प्रकरण

पुण्याहून मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत २४ बंगल्यांची एक सोसायटी आहे. प्रवेश एकच. पाच मीटरचं, साधारण ४५० किलोचं सरकतं लोखंडी गेट, शेजारी माणसांसाठी छोटं दार आणि वॉचमनची आठ बाय आठ फुटांची केबिन. गेटला २३० व्होल्टची मोटर, गेटच्या खांबावर कॅमेऱ्याचं इंटरकॉम युनिट, प्रत्येक बंगल्यात सात इंची स्क्रीन. बॅकअप म्हणून केबिनमध्ये ८५० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) घरगुती इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी. कागदावर सगळं होतं.

जुलैतल्या एका रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी फांदी पडून लाइन तुटली. १२ वाजून २० मिनिटांनी आत येणाऱ्या गाडीसाठी गेट उघडायला घेतलं, ते सव्वा मीटर सरकलं आणि थांबलं. इन्व्हर्टरचा लाल दिवा लागला, आउटपुट बंद. त्याच क्षणी छोट्या दाराचं मॅग्नेटिक लॉक सुटलं आणि ते दार वाऱ्यावर आपटू लागलं. पहाटे सव्वातीनला विमानतळावर निघालेल्या कुटुंबाची टॅक्सी बाहेर उभी होती. ड्रायव्हर विचारतोय, "दादा, चावी कुठंय याची?" आणि मोटर मोकळी करायची चावी सोसायटीच्या ऑफिसात, कुलूपबंद ड्रॉवरमध्ये. लाइट आली दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला.

कमिटीच्या बैठकीत पहिला प्रस्ताव आला तो मोठ्या इन्व्हर्टरचा: अडीच केव्हीए, दोन बॅटऱ्या, विषय संपला. तो बाजूला ठेवून आधी मोजमाप करायचं ठरलं, हे या प्रकरणात सगळ्यात बरं झालं.

कोण किती खातं

मोटर चालू असताना २.६ अँपिअर घेत होती, म्हणजे सुमारे ६०० व्हीए. सुरू होण्याच्या क्षणी क्लॅम्प मीटरवर साडेअकरा अँपिअर दिसले, म्हणजे २६०० व्हीएच्या वर. ८५० व्हीएचा इन्व्हर्टर असा झटका क्षणभर सोसतो, पण बॅटरी ठणठणीत असेल आणि गेट हलकं चालत असेल तरच. इथे दोन्ही नव्हतं. हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी) लावला तर बॅटरीच्या चार सेलमध्ये १.२४० होतं आणि दोनमध्ये जेमतेम १.१७०. त्या दोन सेलमधलं पाणी प्लेटांच्या खाली गेलं होतं. त्यात अशा स्क्वेअर वेव्ह (लहरती नव्हे, पायरीपायरीची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर कपॅसिटरची मोटर जास्त करंट ओढते, गरम होते आणि घरघरते. तो आवाज लाइट गेली की वॉचमनला ऐकू येत होता. गेट आपटण्याआधी कुरकुरतं, इतकंच त्याला माहीत होतं.

गेट हलकं चालतंय का, हे पाहायला कुठलं महागडं यंत्र लागत नाही. प्रवासाची बॅग मोजायचा हुकाचा डिजिटल काटा आणा, मोटर चावीने मोकळी करा, काटा गेटच्या कडेला अडकवा आणि सावकाश, एका चालीत ओढा. ४५० किलोच्या गेटला चांगल्या चाकांवर दहा ते पंधरा किलोचा ओढा पुरतो. इथे काट्याने ३४ दाखवले, मध्येच एका जागी ४१. त्या जागी रुळात डांबरमिश्रित खडी घट्ट बसली होती. चाकांची बेअरिंग गंजलेली होती. शिवाय चाकं झिजून गेट खाली बसल्यामुळे दातेरी पट्टी पिनियनवर (मोटरच्या दातेरी चाकावर) टेकली होती, म्हणजे गेटचं वजन चाकांऐवजी मोटरच्या दांड्यावर. पट्टी आणि पिनियन यांत दीड मिलिमीटर फट हवी. एक जुनं एटीएम कार्ड एकदा दुमडून आत गेलं पाहिजे. चाकं बदलली, रूळ खरवडून साफ केला, पट्टी उचलून फट राखली. काटा १३ वर आला. सोलरवर एक रुपया घालण्याआधी हे काम करावं. जड गेटला मोठी बॅटरी लावणं म्हणजे ब्रेक दाबून गाडी हाकणं.

मग चोवीस तासांचा हिशेब. गेट दिवसाला साधारण १२० वेळा उघडतं-मिटतं. एका वेळी जाऊन-येऊन ५६ सेकंद, मोटर ४५० वॅट धरली तर सात वॅट-तास. दिवसाचे ८४०. आता जे हलत नाही, नुसतं जागं बसतं, त्याकडे बघा. गेटचं बोर्ड ७ वॅट, इंटरकॉम युनिट ६, पीओई स्विच (डेटाच्या केबलमधूनच वीज देणारा) ९, फायबरचा डबा ८, दोन कॅमेरे मिळून १०, मॅग्नेटिक लॉक ६ (१२ व्होल्टला अर्धा अँपिअर, अहोरात्र), पाच अडॅप्टरांची गळती ६ आणि इन्व्हर्टरचं स्वतःचं पोट १४. बेरीज ६६ वॅट. चोवीस तासांनी गुणलं की १५८४ वॅट-तास. म्हणजे ज्या मोटरसाठी बॅकअप घ्यायचं तिचा वाटा एक-तृतीयांश. उरलेले दोन भाग गेट बंद असताना संपतात.

अडीच केव्हीएचा इन्व्हर्टर इथेच नापास होतो. त्या मापाचे इन्व्हर्टर काहीही न चालवता पंचवीस ते चाळीस वॅट घेतात. दिवसाला ६०० ते ९६० वॅट-तास नुसते उंबऱ्यावर बसून खाल्ले. जवळपास गेटइतकेच.

क्लबहाउसवर सोलर आहे, मग गेट का बंद?

हा प्रश्न बैठकीत तीनदा आला, आणि रास्त आहे. क्लबहाउसच्या छतावर नेट मीटरिंगचं पाच किलोवॅटचं सोलर आहे. पण ते ग्रिडला बांधलेलं. महावितरणची लाइट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर काही क्षणांत स्वतःहून बंद पडतो. तसं न केलं तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या हाताखालची तार आपल्या छतावरून जिवंत राहील. त्यामुळे कडक ऊन आणि पाच किलोवॅट डोक्यावर असूनही गुरुवारच्या मेन्टेनन्सला गेट बंदच. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, पण तेही ग्रिडला जोडलेल्या सोलरसाठी. केबिनवरच्या बॅटरी-पॅनेलचा त्याच्याशी संबंध नाही. दोन वेगळी कामं, दोन वेगळे खर्च, हे सदस्यांना आधीच सांगून टाकलेलं बरं.

मांडणी

ठरलं ते असं: २३० व्होल्टला पूर्ण फाटा. २४ व्होल्टची बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर, २४ व्होल्टची बॅटरी, मध्ये इन्व्हर्टर नाही. मोटर हळूच सुटते, हळूच थांबते. चालताना सरासरी ११० वॅट, सुरुवातीला १६ अँपिअरपर्यंत. एका उघड-मिटीला १.७ वॅट-तास, १२० वेळांचे २०५. आधी ८४० होते.

छोट्या दाराचं मॅग्नेटिक लॉक काढून इलेक्ट्रिक स्ट्राइक बसवलं. ते लाइट नसताना कुलूपबंद राहतं, करंट फक्त उघडताना घेतं आणि आतून मात्र साध्या हँडलने केव्हाही उघडतं. हे शेवटचं वाक्य सोडू नका. आतला माणूस कुठल्याही परिस्थितीत हाताने बाहेर पडू शकला पाहिजे, मग वीज असो, आग असो की वॉचमन झोपलेला असो.

नवा स्थिर लोड: बोर्ड, रिसीव्हर, फोटोसेल (वाटेत काही आलं की गेट थांबवणारा सेन्सर) मिळून ५ वॅट, इंटरकॉम युनिट ६, डीसीवर चालणारा पीओई स्विच ६, फायबर कन्व्हर्टर आणि फोरजी राउटर ८, कॅमेरे १०. एकूण ३५ वॅट, दिवसाचे ८४०. केबिनचा पाच वॅटचा दिवा बारा तास, ६०. गेटचे २०५. व्होल्टेज बदलणाऱ्या कन्व्हर्टरांची गळती सुमारे ७०. मिळून ११७५ वॅट-तास.

पॅनेल ठरवताना वर्षाची सरासरी धरायची नाही. बॅकअपची गरज जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हाचाच हिशेब करायचा. पावसाळ्यातल्या बऱ्या दिवशी तीन तासांचं पूर्ण ऊन धरलं, काळोख्या झडीच्या दिवशी एक तास. ५४० वॅटचं एक हाफ-कट (दोन स्वतंत्र अर्ध्या भागांचं) मोनो पॅनेल, गळती वजा जाता सत्तर टक्के: बऱ्या दिवशी ११३४ वॅट-तास, झडीत ३७८. म्हणजे झडीत रोज ८०० ची तूट. बॅटरी २५.६ व्होल्ट, १०० एएच, लिथियम आयर्न फॉस्फेट. एकूण २५६० वॅट-तास, त्यातले २३०० वापरायचे. तूट भागवत ती कागदावर जवळजवळ तीन दिवस जाते. अडीच दिवस धरून चालावं.

एकच पॅनेल का? ते सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद, २८ किलो. आठ फुटी केबिनच्या स्लॅबवर मावतं. वजनाची चिंता नाही, वाऱ्याची आहे. अडीच चौरस मीटरचं ते शीड आहे. चौकट स्लॅबमध्ये केमिकल अँकरने धरली, बोल्ट चोरी न होणारे. पत्र्याचं छप्पर असतं तर चौकट भिंतीच्या खांबांपर्यंत नेणं भाग पडलं असतं.

पॅनेलच्या कलाबद्दल थोडं. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून अठरा अंश दक्षिणेकडे, असं सगळे सांगतात. वर्षभराची जास्तीत जास्त वीज हवी असेल तर ते ठीक. पण मेच्या मध्यावरच्या शून्य सावलीच्या दिवसापासून जुलैअखेरच्या शून्य सावलीच्या दिवसापर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि पुढे पावसाळ्यात प्रकाश सगळ्या आभाळातून विखरून येतो. तेव्हा पॅनेल जितकं आडवं तितकं बरं. अगदी आडवं ठेवलं तर मात्र खालच्या कडेला चिखलाची रेघ साचते. म्हणून दहा अंश. पलीकडच्या गुलमोहराची सावली दुपारी चारनंतर पॅनेलच्या खालच्या अर्ध्यावर येते. हाफ-कट पॅनेल उभं लावल्यामुळे वरचा अर्धा भाग तेव्हाही काम करतो. तेच आडवं लावलं असतं तर दोन्ही अर्ध्या भागांवर सावली पसरली असती.

पॅनेलमधून बॅटरी भरणारा चार्ज कंट्रोलर एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा), १०० व्होल्ट ३० अँपिअर. काहीच जोडलेलं नसताना पॅनेलचा व्होल्टेज पन्नासच्या आसपास असतो, म्हणून ५० व्होल्ट मर्यादेचा स्वस्त कंट्रोलर घेऊ नये. थंडीतल्या सकाळी पॅनेलचा व्होल्टेज चढतो आणि तो मरतो. पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामध्ये दोन पोलचा डीसी एमसीबी. घरातला एसी एमसीबी तिथे चालत नाही, डीसीची ठिणगी त्यात विझत नाही. बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा फ्यूज. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, सोडवताना उलट.

सेटिंग: कंट्रोलर २८.४ व्होल्टपर्यंत भरतो, फ्लोट (भरल्यावर राखायचं व्होल्टेज) २७.२. लोड २४ व्होल्टला तुटतो. शेजारी लाइटवर चालणारा १० अँपिअरचा चार्जर, तो २७.० ला ठेवलेला. हे दोन दशांश मुद्दाम आहेत. दिवसा ऊन असलं की कंट्रोलर २७.२ राखतो, चार्जरला वाटतं बॅटरी भरलेली आहे आणि तो गप्प बसतो. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की तो लोड उचलतो. रात्री नऊ-चाळीसला लाइट गेली तरी बॅटरी भरलेलीच सापडते. यात उन्हाळ्यात पॅनेलची बरीच वीज वाया जाते, आणि खजिनदारांना ते खटकतं. पण हे बिल कमी करायचं यंत्र नाही.

उन्हाळ्यातली ही जास्तीची वीज एका ठिकाणी कामी आली. जुन्या इन्व्हर्टरवर वॉचमनचा ५५ वॅटचा टेबल फॅन चालायचा. रात्रीचे दहा तास म्हणजे ५५०, नव्या गेटच्या अडीच पटीहून जास्त. फॅनवर बंदी घालणं सोपं असतं आणि ते कुणी पाळत नाही. एप्रिल-मेच्या रात्री टिनाच्या दाराच्या केबिनमध्ये बसून बघावं. त्याऐवजी १५ वॅटचा डीसी पंखा कायमचा बसवून दिला. तो लागतो तेव्हा पॅनेल दिवसाला दोन हजारांच्या वर देत असतं, आणि पावसाळ्यात लागत नाही. केबिनमधले २३० व्होल्टचे सॉकेट फक्त थेट लाइटवर ठेवले, म्हणजे चहाची किटली बॅकअपवर चढायचा प्रश्नच मिटला.

पहिल्या महिन्यात काय बिघडलं

चालू केल्याच्या दिवशी गेट दोन फूट सरकून झटक्याने थांबलं, बोर्डाचे दिवे विझून परत लागले, पुन्हा दोन फूट, पुन्हा तेच. मोटरला दोष देऊन ती खोलायची तयारी झाली होती. दोष वायरचा होता. इलेक्ट्रिशियनने जुन्या एसी मोटरची दीड एमएमची (चौरस मिलिमीटरची) वायर तशीच वापरली. बॅटरी ते मोटर नऊ मीटर, जाऊन-येऊन अठरा. दीड एमएम तांब्याचा रोध मीटरला १३.३ मिलिओहम, म्हणजे एकूण ०.२४ ओहम. १६ अँपिअरला ३.८ व्होल्ट वायरीतच गेले. २५.४ मधून ते वजा केले की बोर्डापाशी २१.६, आणि बोर्ड २२ च्या खाली बंद पडतं. २३० व्होल्टला हेच ३.८ व्होल्ट कुणाच्या ध्यानातही येत नाहीत, म्हणून ही चूक जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रिशियन एकदा तरी करतो. सहा एमएमची वायर ओढली, गळती एक व्होल्टच्या आत आली, मोटर त्या दिवसापासून गप्प चालते.

इंटरकॉम युनिट पेटेना. पीओई स्विचला थेट २४ व्होल्ट दिले होते; त्याला ४८ लागतात. २४ वरून ४८ करणारा वेगळा कन्व्हर्टर लावला. राउटर आणि पंख्याच्या १२ व्होल्टसाठी २४ वरून १२ करणारा दुसरा. जिथे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात तिथे एकीच्याच टोकांवरून १२ व्होल्ट काढायची युक्ती सर्रास दिसते. ती बॅटरी रोज जास्त रिकामी होते, दुसरी जास्त भरते, आणि वर्षभरात दोन्ही जातात.

कन्व्हर्टर बसले आणि रिमोटचा पल्ला चाळीस मीटरवरून आठवर आला. स्वस्त कन्व्हर्टर रेडिओचा गोंगाट करतात आणि रिसीव्हरची अँटेना त्यांच्या डोक्यावरच होती. अँटेना कोॲक्स केबलने दीड मीटर दूर, खांबाच्या वर नेली. कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंच्या वायरींवर फेराइटचे मणी चढवले. पल्ला परत आला.

बॅटरीचा अंदाज घेण्यात तर सगळेच फसले. केबिनमध्ये एक व्होल्टमीटर लावला होता आणि वॉचमनला सांगितलं होतं, २६ च्या खाली गेलं की फोन करा. लिथियमचं व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास हलतच नाही. २६.४ वर अर्धी भरलेली आहे की पाऊण, हे काट्यावरून कळत नाही आणि शेवटच्या दहा टक्क्यांत ते घसरगुंडीवरून पडतं. मेन्टेनन्सच्या एका लांबलेल्या गुरुवारी चार्जरचा प्लग बाहेर राहिला होता. रात्रभर २६ च्या वरच दिसत राहिलं आणि सकाळी फोन करायच्या आत लोड तुटला. मग शंटवाला मॉनिटर बसवला, जो आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास मोजतो आणि टक्के दाखवतो. त्याच्याच रिलेवर, तीस टक्क्यांखाली कॅमेरे तोडायची व्यवस्था केली. दहा वॅट तुटले की दिवसाचे २४० वाचतात, गेटच्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा जास्त.

आणि पाल. मोटरच्या डब्यात ऊब असते, दिव्याचे किडे असतात, आणि वायरी येण्यासाठी ठेवलेलं पाइपचं उघडं तोंड असतं. पावसाळ्याच्या तोंडावर डबा उघडला तर बोर्डाच्या मागे पालीची दोन अंडी, वाटाण्याएवढी, पांढरीशुभ्र, चिकटवल्यासारखी बसलेली. रिले टर्मिनलवर मुंग्यांनी आणलेली माती. ओली पाल दोन टर्मिनलांवर आडवी झाली की बोर्ड गेलं. पाइपची तोंडं सीलिंग पुट्टीने बंद केली, प्रत्येक वायरीला ग्लँड लावली, डब्याच्या तळाला पाणी निथळायचं छिद्र ठेवून त्यावर बारीक स्टीलची जाळी.

इंटरकॉमची दोन टोकं

आता त्या जुलैच्या रात्रीकडे परत. नंतर तपासताना लक्षात आलं की गेट १२.२० ला पडलं, पण इंटरकॉम ९.४० लाच मेला होता. गेटवरचं युनिट इन्व्हर्टरवर असल्याने उजळलेलं होतं, बटण दाबलं की रिंगही ऐकू यायची. घराघरांतल्या स्क्रीन मात्र क्लबहाउसमधल्या २४ पोर्टच्या स्विचवर चालत होत्या आणि त्या रॅकला बॅकअपच नव्हता. वॉचमनला वाटत होतं, लोक उचलत नाहीत.

तो रॅक सगळ्या स्क्रीनसकट सुमारे दीडशे वॅट घेतो. गेटच्या संपूर्ण यंत्रणेच्या तिप्पट. त्याला अडीच दिवस जागं ठेवायला लागणारी बॅटरी परवडणारी नव्हती. म्हणून उतरती व्यवस्था केली. रॅकला स्वतःचा दोन तासांचा यूपीएस. गुरुवारच्या बऱ्याचशा कामांना तो पुरतो. तो संपला की गेटचं युनिट फोरजी राउटरमार्फत घरच्यांच्या मोबाइलवर कॉल टाकतं. त्याच्या पुढे, केबिनच्या भिंतीवर लॅमिनेट केलेली यादी: बंगला क्रमांक आणि घरटी दोन मोबाइल. रहिवाशांना छोट्या दाराचा कीपॅड कोड.

गेट ते क्लबहाउस अंतर १३० मीटर. इंटरनेटची तांब्याची केबल शंभर मीटरच्या पुढे भरवशाची नाही, आणि आधी मध्ये एक स्विच टाकून ती ओढली होती. वळवाच्या पहिल्या दोन पावसांत दरवर्षी तिच्या दोन्ही टोकांचे पोर्ट जळायचे. वीज जवळ कुठेतरी पडते आणि लांब तांब्यात झटका उभा राहतो. फायबर टाकल्यावर ते थांबलं. पॅनेलच्या बाजूला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा) आहे, पण त्याचं अर्थिंग आधी केबिनच्या जुन्या, कोरड्या खड्ड्यात सोडलं होतं. त्यात तो नुसता शोभेचा. नवी अर्थ पाइप घालून रोध पाच ओहमच्या आत आणला.

मोटर मोकळी करायच्या दोन चाव्या केल्या. एक केबिनमध्ये काचेच्या पेटीत, एक सेक्रेटरींकडे. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी वॉचमन मेन स्विच पाडतो, गेट पाच वेळा चालवतो, मग चावीने मोकळं करून हाताने ढकलतो. इथे रुळाला आतल्या बाजूला किंचित उतार आहे, त्यामुळे मोकळं केलेलं गेट आपणहून चालू लागतं. समोर उभं राहायचं नाही, बाजूने धरायचं. टोकाचे लोखंडी अडसर या सरावातच तपासले जातात. रात्रपाळीचा माणूस बदलला की सराव नव्याने.

पुढच्या पावसाळ्यात संध्याकाळी सहाला गेलेली लाइट दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आली. एकोणीस तास. मॉनिटरवर ७० टक्के शिल्लक होते, गेट एकदाही अडलं नाही. रॅकचा यूपीएस आठला संपला, मोबाइलवर कॉल जायला लागले. मध्यरात्रीनंतर कधीतरी जवळच्या टॉवरची बॅटरी उतरली आणि यादीतले सगळे नंबर एकदम बंद झाले. अडीच वाजता १७ नंबरकडे आलेल्या पाहुण्यांना गेटवर थांबवून वॉचमन छत्री आणि टॉर्च घेऊन चालत गेला आणि दार वाजवलं. आता गेटपासून चारही गल्ल्यांच्या तोंडापर्यंत दोन तारांची साधी बेल ओढायचं ठरलं आहे. २४ व्होल्टवरच चालेल, आणि वाजेपर्यंत काहीच खाणार नाही.